अर्ध्या मनुका

आमच्या पप्पांना हळू बोलता येत नसे. बावीस वर्षं मिलच्या विणाईखात्यात, साच्यांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान अर्धेअधिक तिथंच राहतात. कामावर ते एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. घरी मात्र आपण कुजबुजतोय अशा समजुतीत ते जे काही बोलत, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. देवाशी बोलतानाही तोच आवाज. त्यामुळे आमच्या घरातली गुपितं आधी शेजाऱ्यांना कळत आणि मग देवाला.

माझे आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदूरला आले. पप्पा मिलमध्ये लागले. आई तुकोगंजातल्या एका क्लिनिकमध्ये आयाचं काम करायची. शाळेत मराठी मुली विचारायच्या, "तुम्ही मराठी, मग ख्रिश्चन कसे?" आणि चर्चमधली हिंदीवाली मुलं विचारायची, "तुम ख्रिश्चन, फिर मराठी कैसे?" रविवारी सकाळी सात वाजता चर्चमध्ये मराठी भक्ती, म्हणजे उपासना असायची, नऊ वाजता हिंदी. सातच्या भक्तीत पप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा आणि सुरात नसायचा.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा मिल बंद झाली. देश उघडला, असं तेव्हा सगळे म्हणत होते. आमच्यासाठी तर एक मोठं फाटक बंद झालं. भोंगा वाजायचा थांबला आणि काही महिन्यांतच मिलच्या लांबलचक भिंतीवर कोल्ड्रिंकची जाहिरात रंगवली गेली. भलीमोठी बाटली, तिच्यावर पाण्याचे थेंब. त्या भिंतीखाली बसून माणसं फाटक उघडायची वाट बघत.

पप्पा आधी अधूनमधून प्यायचे. आता रोज प्यायला लागले. ते मारझोड करत नसत, शिव्या देत नसत. कलालीवरून, म्हणजे देशी दारूच्या दुकानावरून येत, कोपऱ्यात बसत आणि मोठ्यानं रडत. त्यांचं रडणंही त्यांना ऐकू येत नसावं. तेव्हा मला त्यांची कीव येत नसे, लाज वाटे. हे आज लिहिताना वाईट वाटतं, पण खरं तेच आहे. पुढे नाताळच्या आठवड्यात गाणी गात घरोघर फिरणारी मंडळी आमच्या दारात आली. पप्पा झिंगलेल्या अवस्थेत बाहेर आले आणि त्यांच्यात उभे राहून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायले. तिसऱ्या कडव्याला ते पेटी वाजवणाऱ्याच्या अंगावर कोसळले. झाकली मूठ उघडली. पुढच्या आठवड्यात चर्चच्या पंचांनी ठराव केला की हे सुधारत नाहीत तोवर त्यांना प्रभुभोजन नाही.

बाहेरच्या माणसाला ही शिक्षा हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. महिन्यातून एकदा पावाचा एक चौकोनी तुकडा आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात घोटभर द्राक्षरस, त्यात काय एवढं? पण आमच्याकडे सगळे उठून पुढे जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि ज्याला मनाई आहे तो एकटा बाकावर बसून राहतो. सगळ्यांना दिसतो. मनाई म्हणून पप्पा घरी थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते दर वेळी यायचे आणि शेवटच्या बाकावर बसून समोर चाललेलं बघायचे. त्यांचे ओठ हलायचे. मिलमधल्या सवयीनं ते पाळकसाहेबांच्या ओठांवरून एकेक शब्द वाचत होते.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ सुरू झाला तेव्हा पाळकसाहेब स्वतः घरी आले. ते कडक होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, "चाळीस दिवस दारूला शिवू नका. निभावलंत, तर गुरुवारच्या प्रभुभोजनाला मी तुम्हाला हातानं पुढे घेईन." हा गुरुवार म्हणजे गुड फ्रायडेच्या आदला, वर्षातला सगळ्यात मोठा प्रभुभोजनाचा दिवस. पप्पांनी मान डोलावली. त्या रात्री त्यांची प्रार्थना सगळ्या गल्लीनं ऐकली, "हे बापा, ही तलब काढून घे. ही काढ, नाहीतर मला काढ." सकाळी नळावर शेजारचे काका मला म्हणाले, "क्यों बेटा, पप्पा की ऊपर सुनवाई हुई के नी?" मी बादली अर्धीच भरून पळाले.

आईनं माझ्यावर एक काम सोपवलं. रोज संध्याकाळी पप्पांबरोबर फिरायला जायचं. मुलगी बरोबर असली की बाप कलालीत शिरत नाही, असा तिचा हिशेब. मग आम्ही दोघं चालायचो. जुन्या इंदूरपर्यंत, पुलावरून परत, कलालीचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं. पप्पा लवंग चघळायचे. हात खिशात कोंबलेले, कारण ते थरथरायचे. सुरुवातीचे दहा दिवस वाईट गेले. एकदा ते रस्त्यातच बसले आणि घामानं भिजले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लाज जाऊन मला त्यांच्याबद्दल काहीतरी वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

एका संध्याकाळी मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला त्या प्रभूच्या टेबलाचं एवढं काय आहे? नाही मिळालं तर नाही मिळालं."

ते थांबले. मला वाटलं रागावले. पण ते त्यांच्या लेखी हळूच, म्हणजे रस्त्यावरची दोन माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं म्हणाले, "तिथं माझा नंबर लागतो ना, बेटा. मिल बंद झाली तबसे कुठेच लागत नाही. तिथं कोणी विचारत नाही काय काम करता. हात पुढे केला की ठेवतात." मग जरा चालून म्हणाले, "दारूची तलब इथं लागते," आणि घशाला हात लावला. "आणि ती दुसरी पण इथंच लागते. मला सालं वेगळं करताच येत नाही."

मी चौदा वर्षांची. मला त्यातलं फारसं समजलं नाही. पण ते टेबलापाशी पोचावेत असं मला मनापासून वाटायला लागलं. स्वतःसाठीही मी तेव्हा काही इतक्या जोरात मागितलं नव्हतं.

आता मनुकांबद्दल सांगते. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला दारू चालत नसे आणि विकतचा द्राक्षरस कोणी पाहिलेलाही नव्हता. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून पिळायच्या, तोच द्राक्षरस. हे काम कितीतरी वर्षं आईकडे होतं. पप्पांना मनाई झाली तरी ते तिच्याकडून कोणी काढून घेतलं नाही, याचा तिला अभिमान होता. पण त्या वर्षी ती क्लिनिकमध्ये दिवसपाळी करून वर एका म्हातारीकडे रात्री झोपायला जायची. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या आदल्या दिवशी चर्चच्या शिपायानं मनुकांची पुडी आणून दिली, तेव्हा आईनं ती माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "बुधवारी रात्री धुऊन भिजव. गुरुवारी सकाळी चांगलं उकळ, निम्मं आटेपर्यंत. नीट कर, यंदा तुझे पप्पा पिणार आहेत त्यातलं."

घरात तेव्हा डाळ इतकी पातळ असायची की ताटात पळायची. गोड म्हणून काही पाहिल्याला महिने झाले होते. आणि ती पुडी फळीवर. वास येत होता. मी एक मनुका खाल्ली. ती दाढेत फुटली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती गोड होती. मग एक. मग प्रत्येक वेळी शेवटची म्हणून एक. देवाचं आहे, हात लावू नये, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असतानाच हात पुडीत जात होता. रविवारी भक्तीहून झावळी घेऊन परत आले ती सरळ फळीपाशी. संध्याकाळी पुडी उघडून बघितली तर निम्मी उरली होती.

घाबरून मी जी अक्कल लढवली ती अशी. मनुका कमी, म्हणजे रंग कमी येणार. जास्त दिवस भिजवल्या तर रंग येईल. म्हणून मी बुधवारची वाट न बघता रविवारीच त्या भिजवल्या, पाण्यात शेजारून उसना आणलेला गुळाचा मोठा खडा टाकला आणि पातेलं झाकून ट्रंकेमागे लपवलं. एप्रिलचा महिना, वर पत्रा. गुरुवारी सकाळी झाकण काढलं तर वर फेस आलेला. मी तो चमच्यानं काढून टाकला. उकळलं असतं तर आटून कमी झालं असतं आणि चोरी उघडी पडली असती, म्हणून उकळलंच नाही. पिळलं, गाळलं, दोन बाटल्या भरल्या. रंग सुरेख आला होता.

संध्याकाळी आई क्लिनिकमधून परस्पर चर्चला आली. बाटल्या मीच नेल्या होत्या. पेले भरणाऱ्या बाई म्हणाल्या, "वा, आईच्या वरताण केलंस गं!" मी हसले. माझं दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजनाचा हक्क देणारा विधी अजून झालेला नव्हता, म्हणून मला पुढे जाता येत नव्हतं. मी बाकावर बसून राहिले. चोराच्या मनात चांदणं, जो तो पेला तोंडाला लावून माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं. एक म्हातारी परत येताना "यंदा जरा आंबट आहे" एवढंच बोलली.

शेवटी पाळकसाहेबांनी पप्पांचा हात धरून त्यांना पुढे नेलं. पप्पांनी पांढरा शर्ट घातला होता, आईनं गादीखाली घडी घालून इस्त्री केलेला. ते गुडघ्यांवर बसले. पाव घेतला. मग पेला हातात आला, ओठांपाशी गेला आणि थांबला. नाकाखाली थांबला. पाळकसाहेब वाट बघत उभे. मला बाजूनं पप्पांचा चेहरा दिसत होता. ते रस्त्यात बसले होते त्या दिवशी मी तो तसा पाहिला होता. सकाळचा तो फेस कशाचा होता ते मला तेव्हा कळलं. मला ओरडायचं होतं. मी ओरडले नाही. त्यांनी पेला तोंडात पालथा केला आणि मग आतून जिभेनं पुसला.

ते परत आले तेव्हा रडत होते. एका पंचानं त्यांना मिठी मारली, सगळ्यांनी "सलाम, सलाम" म्हणत हात मिळवले. आई उभ्याउभ्या रडत होती. तिच्या आयुष्यातला तो शेवटचा आनंदाचा दिवस, असं म्हटलं तरी चालेल.

शुक्रवारी तीन तासांच्या भक्तीत पप्पा सारखे ओठ चाटत होते. शनिवारी संध्याकाळी मी चपला घातल्या तर म्हणाले, "आज नको, बेटा. आज मी एकटाच चक्कर मारून येतो." मी चपला काढल्या. त्यांच्याबरोबर चालायचं माझ्यातही धाडस नव्हतं. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात पुनरुत्थानाची गाणी गात होती, तेव्हा पप्पा कलालीच्या पायरीवर पडलेले होते.

मंडळी म्हणाली, कुत्र्याचं शेपूट. पाळकसाहेबांनी आशा सोडली. आईनं मनुकांचं काम आपणहून परत दिलं. आमच्याकडे साक्षीच्या सभेत जो तो उठून देवानं आपल्यासाठी काय केलं, आपण काय पाप केलं ते सांगतो. मी दोनदा उठले. एकदा दहावीच्या निकालाबद्दल उपकार मानले, एकदा तापातून बरी झाले म्हणून. दृढीकरणाला पापं कबूल आहेत का विचारलं, तेव्हा सगळ्यांबरोबर "आहेत" म्हटलं. मनात स्वतःशी भांडत राहिले. अंगठ्याएवढ्या पेल्यानं माणूस बुडतो का? बुडायचा तो बुडतोच. कधी हे पटायचं, कधी नाही.

साडेतीन वर्षांनी पप्पा सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात होते. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मी तेव्हा भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसायचे, तिथून सरळ वॉर्डात जायचे. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. आई उशाशी बसून कापसानं त्यांचे ओठ ओले करत होती. पप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. ते कुजबुजले, त्यांना वाटलं तसं.

"त्या टायमाला मनुका तू खाल्ल्या होत्यास ना?"

पलीकडच्या तीन खाटांवरची माणसं वळली. आईचा हात थांबला.

"वासानंच समजलं मला. गूळ आणि आंबलेलं. ठेवून द्यायला पाहिजे होता पेला. पाळकसाहेबांना सांगायला पाहिजे होतं." ते दम घेत होते. "पण दोन्ही एकाच पेल्यात आलं, बेटा. इतके दिवस जे मागत होतो ते, और वो भी. मी त्यातलं कुठलं प्यायलो, माझं मलाच समजलं नाही. तू मनाला लावून घेऊ नको."

मी नुसत्या ओठांनी उत्तर दिलं. त्यांनी माझे ओठ वाचले असतील तर त्यांना कळलं असेल.

आई माझ्याकडे बघत होती. पप्पांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं विचारलं, "किती खाल्ल्यास?"

"निम्म्या," मी म्हटलं.

तिनं कापूस वाटीत बुडवला आणि पप्पांच्या ओठांवर पिळला. त्यांनी ओठ चाटले, डोळे मिटले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजून."