रुमालात झाकलेली बाटली

"मूत्राशयात गाठ आहे," पालघरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून सांगितलं. "लघवीतून रक्त किती दिवस जातंय?"

मी म्हणालो, पंधरा दिवस. शेजारी माझी बायको सुमन बसली होती. खरं तर पाच महिने झाले होते.

दुखत काहीच नव्हतं. दोन-चार दिवस लघवी लाल व्हायची, मग कितीतरी दिवस स्वच्छ. स्वच्छ झाली की मी सुटकेचा श्वास सोडायचो. तारापूरला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. बावन्नाव्या वर्षी असली गोष्ट बोलायची कुणापाशी, याचीच लाज वाटायची.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सिस्टोस्कोपी झाली. म्हणजे लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघतात. त्याच वाटेने गाठ खरवडून काढायचं ठरलं. त्या शस्त्रक्रियेला टीयूआरबीटी म्हणतात.

आदल्या दिवशी संशोधन करणारी एक मुलगी लघवीचा नमुना मागायला आली. एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स तपासतो, म्हणाली. मग तिने समजावलं. पेशी आपल्यातून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. कॅन्सरच्या पेशीही सोडतात, आणि त्या पिशव्यांत त्यांच्या खुणा असतात. मूत्राशयातल्या पिशव्या लघवीत उतरतात. पुढे कधी नुसत्या लघवीवरून हा आजार ओळखता येईल का, याचा अभ्यास चालू होता. माझ्या उपचारात त्याने काही बदलणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

मी बाटली रुमालात झाकून आणली. तिने रुमाल मला परत दिला, बाटली उजेडात धरली आणि लेबल लावलं. मग फॉर्म काढून विचारलं, रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?

"खरं सांगा काका. नाहीतर आमचा अभ्यास चुकेल."

मी पाच महिने म्हणालो. सुमन खाटेजवळच होती.

ती मुलगी गेल्यावर मी सुमनला उरलेलंही सांगितलं. आमच्याकडे श्यामलाल नावाचा कामगार होता. दोन महिन्यांपूर्वी तो मला बाजूला घेऊन म्हणाला होता, साहब, पेशाब लाल आ रहा है. मी हसलो. रंगाचं काम आहे, रंगच येणार, म्हणून त्याला परत कामाला लावलं. तेव्हा मला स्वतःला रक्त जात होतं. त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं, तर मलाही जावं लागलं असतं.

सुमन सातपाटीच्या कोळीवाड्यातली. आवाज चढवून बोलणारी. त्या दिवशी मात्र हळू बोलली.

"माज्यापासून लपवलं, ते ठीक. त्या मानसाला कशाला गप बसवलं तुमी?"

माझी गाठ कॅन्सरचीच होती, पण वरच्या थरातच निघाली. आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा मूत्राशयात बीसीजी हे औषध सोडलं. रंगकामामुळेच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत, पण काही रंगद्रव्यांमुळे धोका वाढतो, म्हणाले.

पहिला डोस झाल्यावर मी बोईसरला श्यामलालच्या खोलीवर गेलो. सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं.

"आपको पता था, साहब?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्याच रुग्णालयात गेलो. त्याचा कॅन्सर स्नायूपर्यंत पोचला होता. मूत्राशय काढावं लागलं. आता लघवीसाठी पोटावर पिशवी लावलेली असते. मधले महिने वाया गेले नसते तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येणार नाही, म्हणाले.

लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कुणी सांगितलं तर हसू नका.

श्यामलालच्या तपासणीला मी दर वेळी सोबत जातो. गावाहून त्याच्या बायकोचा फोन येतो. भाईसाहब, आप ना होते तो ये बचते नहीं, म्हणते आणि रडते. मी त्याला हसून परत कामाला लावलं होतं, हे श्यामलालने तिला सांगितलेलं नाही. तो फोन माझ्या हातात देतो आणि खिडकीबाहेर बघतो. मी तिचं ऐकून घेतो. खरं सांगायला अजून तोंड उघडलेलं नाही.