मारामाऱ्यांचे निकाल

तोडेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका तपासणी प्रयोगशाळेत दोर, तारा, साखळ्या आणि पट्टे ओढून ओढून तोडायचं काम ते करत, म्हणून आवक-जावकच्या बाईंनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. क्रेनचा दोर असो की लिफ्टचा, त्याचा हातभर तुकडा आधी त्यांच्या टेबलावर येई. तो यंत्राच्या दोन जबड्यांत घट्ट धरायचा, सावकाश ओढायचा, आणि कितव्या आकड्याला तुटला ते लिहायचं. एकोणतीस वर्षं हेच. जन्मभर मोडतोड केलेल्या या माणसाच्या हातून कधी साधी कपबशी फुटल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एका खोलीत पलंग, दुसरीत टेबल आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर घड्या न घातलेले कपडे असत, कारण तिथे बसायला कुणी येत नसे. शेजारी त्यांना भला माणूस म्हणत. ज्याच्याशी आपला फारसा संबंध येत नाही त्याला लोक असंच म्हणतात. भिंतीतल्या फळीवर मात्र अकरा जाड वह्या ओळीनं लावलेल्या होत्या, आणि त्या वह्यांत काय आहे हे कळलं असतं तर शेजाऱ्यांनी आपलं मत बदललं असतं.

त्या वह्यांत प्राण्यांच्या मारामाऱ्या होत्या.

सुरुवात झाली ती लेक सहा वर्षांची असताना. ती तापानं अंथरुणात पडली होती आणि तिनं विचारलं, “बाबा, उंदराला हत्तीपेक्षा जास्त ताकद आली, आणि त्यानं पाणघोड्याला गुद्दा मारला, तर कोण जिंकेल?” दुसरा कुठलाही बाप म्हणाला असता, उंदीर जिंकेल गं राणी, झोप आता. तोडेबुवांनी कागद-पेन्सिल घेतली. पाणघोडा दीड हजार किलोचा धरला, उंदीर पंचवीस ग्रॅमचा. गुद्दा इतका जबरदस्त की पाणघोडा चालत्या माणसाच्या वेगानं मागे सरकला. ठीक. पण जेवढा धक्का पाणघोड्याला, तेवढाच उलटा धक्का उंदराला. गणित मांडलं, तर उंदीर सेकंदाला साठ किलोमीटर या वेगानं मागे फेकला गेला. पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला सव्वाअकरा पुरतात.

“म्हणजे उंदीर कुठे गेला?” लेकीनं विचारलं.

“गेला. परत येणार नाही. पाणघोडा दोन पावलं मागे सरकला आणि गवत खायला लागला. निकाल: पाणघोडा. उंदीर मैदान सोडून गेल्यामुळे बाद.”

लेक ताप विसरून हसली. त्या दिवसापासून वही सुरू झाली. डाव्या पानावर तिचा प्रश्न तिच्याच अक्षरात, उजव्या पानावर बाबाचं गणित, आणि खाली लाल शाईनं निकाल. नियम एकच: प्राण्याला शक्ती हवी ती द्या, पण सृष्टीचे कायदे सगळ्यांना सारखे. मुंगीला हत्तीएवढी केली, तर तिचे पाय पहिल्याच पावलाला मोडले. लांबी हजारपट केली की पायांचं बळ दहा लाखपट वाढतं आणि वजन शंभर कोटीपट, मग बिचारी उभी कशी राहणार? अदृश्य होणारा कोल्हा कोंबडीकडून हरला. जो कुणालाच दिसत नाही त्याच्या डोळ्यांतून उजेड आरपार जातो, म्हणजे त्यालाही काही दिसत नाही. कोल्हा लेकीचा लाडका होता. ती रडली. तोडेबुवांनी तिला रडू दिलं, डोळे पुसले, पण निकाल बदलला नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे बघे. कधी हसे, कधी म्हणे, “मला कुठली शक्ती मिळाली तर तुमचं माझ्याकडे लक्ष जाईल, तेही काढा एकदा गणित करून.” तोडेबुवांना तो विनोद वाटला. नंतर कळलं की नव्हता. भांडण असं त्या घरात कधी झालंच नाही. दोघं मूग गिळून बसत, आणि असं बसून बसून एक दिवस बायकोनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली, चार तासांच्या अंतरावर. लेक तेव्हा अकरा वर्षांची. तिला दोघांनीही, अगदी शांतपणे, विचारलं की तुला कुठे राहायचंय. ती आईबरोबर गेली, शनिवारी इकडे येऊ लागली. पुढे शनिवार महिन्यातून एकदा झाले, मग सुट्टीपुरते. शेवटी उरला रविवारचा फोन, संध्याकाळी पाचचा.

आता ती सव्वीस वर्षांची होती, स्वतःच्या नोकरीच्या गावी एकटी राहत होती. प्रश्न विचारणं तिनं कधीच सोडलं होतं. तेव्हा प्रश्नही तोडेबुवाच काढत आणि उत्तरही तेच देत. सोमवारी सुचे, बुधवारपर्यंत गणित होई, शनिवारी ते स्वच्छ उतरवून काढत, आणि रविवारी पाचला तिला ऐकवत. आठवडा त्यामुळे सरे. खरं सांगायचं तर त्यांच्या आठवड्यात दुसरं काही नव्हतंच.

त्या रविवारी उडणारा देवमासा होता, विरुद्ध पोलादी चोचीचा कावळा. तोडेबुवा रंगात आले होते. शंभर टनांचा मासा हवेत तरंगायचा तर त्याला किती हवा खाली ढकलावी लागेल, त्या वाऱ्यात कावळ्याचं काय होईल, हे ते सांगत होते आणि पलीकडून हूं की चूं नव्हतं.

“ऐकतेस ना?”

“ऐकतेय,” लेक म्हणाली. मग थांबून म्हणाली, “बाबा, या महिन्यात मी दोनदा आजारी पडले. साहेबांशी वाजलं, नोकरी जाते की काय असं झालं होतं. तू मला दर रविवारी देवमाशाचं सांगतोस. मी कशी आहे हे तू शेवटचं कधी विचारलंस?”

तोडेबुवांना खरंच आठवेना, आणि आठवत नसताना बोलायचं नाही ही त्यांची सवय.

“राहू दे,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी फोन नको करूस. मला वाटेल तेव्हा मीच करेन.”

एक रविवार गेला, दुसरा गेला. पाच वाजता तोडेबुवा फोन समोर ठेवून बसत आणि साडेपाचला उठून दिवा लावत. प्रयोगशाळेत आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, “तोडेबुवा, तोंड का उतरलंय? लेकीचं सगळं ठीक ना?” ते म्हणाले, “ठीक.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ठीक आहे की नाही हे त्यांना माहीत नाही. ते ऐकण्याची एकच वाट होती आणि ती त्यांनी देवमासे-कावळे भरून बुजवून टाकली होती. हे कळलं तेव्हा त्यांना धडकीच भरली. लेकीनं आता फोन केलाच नाही तर? ती करणार नाही असं नाही, पण कशासाठी करेल, याचं एकही कारण त्यांना सुचेना.

पण माणूस जात्याच तसा. तिसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी ठरवलं काय, तर तिला पूर्वी सर्वांत जास्त हसू आलेली मारामारी शोधायची आणि ती सुंदर अक्षरात लिहून पत्रानं पाठवायची. विहिरीत पडल्यावर आणखी खोल खणायला घेणारा हा माणूस! त्यांनी वह्या खाली काढल्या आणि एकेक चाळू लागले. सातव्या वहीत मध्यावर एक पान आलं. लेकीचं अकराव्या वर्षीचं अक्षर, नेहमीपेक्षा बारीक.

“दोन हत्ती आहेत. दोघांना सारखीच सुपरशक्ती आहे. मध्ये एक खारूताई आहे. एका हत्तीनं तिचे पुढचे पाय धरलेत, दुसऱ्यानं मागचे. दोघं चांगले आहेत. दोघं ओढतायत. खारूताईकडे कुठलीच शक्ती नाही. तिचं काय होईल?”

उजव्या पानावर त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. “खारीला बिंदू मानू. डावीकडचा जोर आणि उजवीकडचा जोर सारखा. एकूण जोर शून्य. म्हणून खार जागची हलणार नाही. तिला काहीही होणार नाही. निकाल: बरोबरी.” आणि खाली लाल शाईत: “कोण जिंकेल हे विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी प्रश्न नीट लिहावा.”

तोडेबुवांनी ते तपासनीसाच्या नजरेनं वाचलं, आणि तपासनीसालाच आधी चूक दिसली. बिंदू मानणं ही गणिताची जुनी सोय. बैलगाडी असो की ग्रह, बिंदू मानला की काम सोपं होतं. पण बिंदूला लांबी नसते, म्हणून तो ताणला जात नाही. खारीला लांबी असते. दोन्हीकडून सारखं ओढलं की ती जागची हलत नाही हे खरं, पण म्हणून तिला काही होत नाही हे कुणी सांगितलं? त्यांच्या यंत्रात तरी रोज दुसरं काय होत होतं? दोन जबडे, मध्ये दोर. दोर तसूभरही इकडेतिकडे जात नाही, आणि तुटतो. ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच हा, त्यानं लिहिलं होतं, काहीही होणार नाही.

मग त्यांनी वरची तारीख पाहिली. बायकोनं सामान बांधलं तोच आठवडा होता.

तोडेबुवांना लाज वाटली. वही मिटावी, फळीवर ठेवावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात असंही वाटून गेलं. पण प्रयोगशाळेत एक रीत होती. चुकीचा अहवाल बाहेर गेला असेल तर तो पुसून टाकायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं, सही-तारीख करायची, आणि ज्याचा अहवाल त्याला त्याच दिवशी कळवायचं. तेही ज्यानं चूक केली त्यानं स्वतःच्या तोंडानं. इतक्या वर्षांत तोडेबुवांवर ही पाळी चारदा आली होती आणि चारही वेळा त्यांनी ती पाळली होती. आज रविवार होता, आणि रविवारी फोन करू नकोस असं लेकीनं बजावलं होतं. केला आणि ती चिडली तर जे थोडं उरलंय तेही जाईल. त्यांनी रेघ मारली, उत्तर लिहिलं, सही केली. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले, आणि लावला.

“बाबा, मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“हो. एक निकाल चुकला होता. त्याच दिवशी कळवावा लागतो.”

“प्लीज. आज प्राणी नकोत.”

“सातवी वही. तू अकरा वर्षांची होतीस. दोन हत्ती आणि खारूताई.”

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो तिनं बंद केला, म्हणजे फोन ठेवला नव्हता एवढं त्यांना कळलं.

“वाच,” ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. “मी खारीला बिंदू मानलं. ती चूक. खार जागची हलत नाही, पण तिच्या अंगात ताण असतो. पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत, प्रत्येक ठिकाणी, एका हत्तीचा पूर्ण जोर. ‘काहीही होणार नाही’ हे चूक, खारीला होतं. खूप होतं. प्रश्न नीट लिहिलेला होता. लाल शेरा रद्द.” मग कागदावर नव्हतं ते ते बोलले, “पंधरा वर्षं लागली मला.”

मग तिनं अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, “एकाच हत्तीचा? दोघांचा मिळून दुप्पट नाही?”

“नाही. सगळ्यांनाच तसं वाटतं. पण दुसरा हत्ती नसता आणि ती भिंतीला बांधलेली असती, तरी ताण तेवढाच आला असता. एकाचाच.”

“मग मला दुप्पट का वाटायचा?”

तोडेबुवांच्या हातात पेन होतं. वह्या अकरा, निकाल पाचशेच्या वर, आणि एकाही पानावर उत्तराची जागा रिकामी नव्हती.

“माहीत नाही, बाळा,” ते म्हणाले. “तू सांग.”

तिनं सांगितलं. आधी अडखळत, मग भरभर. शनिवारी तुझ्याकडे यायला मी निघाले की आई दारात उभी राहायची, लेक म्हणाली. रविवारी परत निघाले की तू उभा राहायचास. दोघंही हसून म्हणायचात, मजेत राहा. मी गाडीत बसून कुणाकडे मजेत राहायचं नाही ते ठरवत यायचे.

तोडेबुवांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिले. त्यांना ते दार आठवत होतं, हात हलवणं आठवत होतं, आणि मजेत राहा म्हटलेलंही आठवत होतं. ते म्हणताना आपण ओढत होतो, हे मात्र त्यांना आज कळलं.