पोटाचं पंचांग

हैदराबादी माणसाला भूतकाळ एकच असतो आणि त्याचं नाव 'परसों'. दूधवाला परसों येऊन गेला म्हणजे तो काल आला असेल, गेल्या दिवाळीत आला असेल, किंवा निजामाच्या राज्यातही आला असेल. लग्न होऊन बरकतपुऱ्यात आले तेव्हा या एका शब्दाने माझं डोकं उठायचं. मी पुण्याची. आमच्याकडे कोण कधी आलं, किती वाजता आलं आणि चहा न घेता का गेलं, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. सासरची माणसं मराठीच, पण तीन पिढ्या हैदराबादेत मुरलेली. नवरासुद्धा 'परसों' म्हणायचा, आणि मी दर वेळी "परसों म्हणजे नक्की कधी?" म्हणून त्याच्या मागे लागायचे. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे जी फजिती झाली ती तारखेवरून झाली, आणि ती तारीख माझी होती.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मला छत्तिसावं लागलं होतं, तेव्हा मला दिवस गेले. त्याआधी औषधं झाली, उपास झाले, कोणी सांगितलं म्हणून पहाटे उठून कसली तरी कडू पानंही चावून झाली. शेवटी आम्ही तो विषय सोडला. म्हणजे बोलायचं सोडलं, मनातून कुठे सुटतो? त्यामुळे खरंच दिवस गेल्यावर मी आठवडाभर कोणाला सांगितलंच नाही. सांगितलं तर खोटं ठरेल असं वाटायचं. सासूबाईंनी मात्र मला लोणच्याची बरणी घेऊन गच्चीवर बसलेली पाहिलं आणि काही न विचारता देवापुढे साखर ठेवली.

आमच्या डॉक्टरीणबाई तेलुगू, पन्नाशीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमच्याशी त्या तिथल्या दखनीत बोलायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "आखरी तारीख कौनसी अम्मा?"

मी ताडकन म्हटलं, "आषाढातली संकष्टी."

मला पक्कं आठवत होतं. त्या दिवशी मी बाजूला बसले होते, त्यामुळे चंद्रोदयाचे मोदक सासूबाईंना एकटीला करावे लागले, आणि त्यांनी ते इतके काळे तळले की गणपतीनेही माघार घेतली असती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅलेंडरची तारीख हवी. मी घरी आले, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, पानं उलटली, आषाढ सापडला, संकष्टी सापडली, तारीख कागदावर लिहिली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत नेऊन दिली.

"देखो, कितना पक्का बोलते," त्या नर्सला म्हणाल्या. "बाकी औरतां आते, परसों-परसों बोलते."

मी हे घरी तीनदा सांगितलं. नवऱ्याला चौथ्यांदाही सांगणार होते, पण तो आंघोळीला गेला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई पोट दाबून म्हणाल्या, "थोड़ा छोटा दिख रा." सासूबाईंनी याचा अर्थ एकच काढला, की सून उपाशी आहे. त्या दिवसापासून सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा, दुपारी शिरा आणि मधल्या वेळेला लाडू सुरू झाले. पोट वाढलं. माझं वाढलं, बाळाचं वाढलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

बाजार नुकता खुला झाला होता. दोन वाहिन्यांच्या जागी वीस आल्या होत्या, साबणाच्या दुकानात गेलं की कुठला घ्यावा म्हणून लोक पाच-पाच मिनिटं उभे राहायचे, आणि माझा नवरा या सगळ्यावर बेहद्द खूश होता. तो बँकेत होता आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. जे नवीन ते त्याला हवं असायचं. त्यामुळे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की वय जास्त आहे, आता एक रक्ताची तपासणी निघाली आहे, रक्त मुंबईला पाठवावं लागतं, बाळाबद्दल थोडा अंदाज येतो, तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत हा "हो" म्हणाला. रक्त विमानाने जाणार आणि रिपोर्ट कुरिअरने येणार, याचंच त्याला जास्त कौतुक. मीही फार विचार न करता हात पुढे केला.

रिपोर्ट आला. त्यात एक आकडा होता, इतक्यांत एक अशा थाटाचा. तो मी इथे लिहीत नाही, कारण तो ज्याने ज्याने ऐकला त्याने त्याने मला सल्ला दिला, आणि मला आणखी सल्ले नको आहेत. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त दिसते. म्हणजे शिकायला, बोलायला त्याला वेळ लागेल, कदाचित हृदयातही दोष असेल. खात्री करायची तर पोटात सुई घालून बाळाभोवतालचं पाणी काढून तपासावं लागेल. आणि क्वचित कधी त्या सुईनेच गर्भ पडतो.

"पुढच्या शनिवारी मलकपेठला स्कॅनिंगला या," असं त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. "सुईच्या आधी स्कॅनिंग लागतंच. मैं आती. कराना की नक्को, तब तक सोच लेव."

अकरा वर्षांनी आलेलं बाळ, आणि ते कसं आहे हे कळण्यासाठी त्यालाच पणाला लावायचं. त्या दिवशी रिक्षात मी पूर्ण रस्ताभर रडले. रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं आणि नवऱ्याला चांगलंच झापलं. त्याला वाटलं यानेच मारलं.

मग आमच्या घरात विचार सुरू झाला. नवऱ्याने कॉम्प्युटर क्लासमध्ये एक तक्ता केला आणि छापून आणला. डावीकडे 'सुई', उजवीकडे 'सुई नाही', खाली प्रत्येकी गुण. शेवटी दोन्हीकडे सारखेच गुण पडले. तेव्हा त्याने 'पत्नीची इच्छा' असा एक रकाना वाढवला आणि तो भरायला माझ्याकडे पेन दिलं. मी पेन फेकलं. ते फ्रीजखाली गेलं, आणि आमचं पुढचं सगळं बोलणं तो पालथा पडून झाडूने पेन काढत असताना झालं.

सासूबाईंचं मत दर तासाला बदलायचं. सकाळी म्हणायच्या, "कशाला सुया टोचून घ्यायलीस? आमच्या येळेला कुठं होतं असलं?" दुपारी म्हणायच्या, "पण कळालेलं बरंच की गं." आणि रात्री जेवताना म्हणायच्या, "मी काही बोलणार नाही, तुमचं तुम्ही बघा," आणि त्यावर अर्धा तास बोलायच्या.

शेवटी मी माझ्या आईला पुण्याला फोन करायला काचीगुड्याच्या एसटीडी बूथवर गेले. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिसायला लागलं होतं, पण ऐकू कमी यायचं. काचेच्या खोक्यात उभी राहून मी ओरडत होते, "सुई! पोटात सुई!"

"रुई?" आई ओरडली. "मारुतीला घालायची?"

"सुई गं! बाळाची तपासणी!"

"कशाला? रुईने काय कळतं?"

बूथवाले चाचा म्हातारे, सोज्वळ. त्यांनी काचेचं दार अलगद उघडलं आणि म्हणाले, "बेटी, बुरा नक्को मानो. मेरी बहू भी नक्को बोली थी. माशाल्ला पोता हुआ." मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने लगेच सांगितलं, की तिच्या बहिणीने सुई घेतली होती आणि तिचंही सगळं चांगलं झालं. मग त्या दोघांचंच जुंपलं. मी फोन ठेवून घरी आले. एव्हाना सगळ्या काचीगुड्याला माझ्या पोटाबद्दल मत होतं आणि मला एकटीलाच नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघं मलकपेठला गेलो. नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. सासूबाई मात्र "मी आईसारखी आहे तिला" असं नर्सला बजावून आत घुसल्या. डॉक्टरीणबाईंनी पोटावर थंडगार चिकट जेल ओतलं आणि यंत्र फिरवायला लागल्या. काळ्या पडद्यावर राखाडी काहीतरी हललं. त्या मापं घेत राहिल्या. पुन्हा घेतली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ये तो चार हफ्ते छोटा है," त्या म्हणाल्या.

आता बाळ वाढतच नाही, असं मला वाटलं.

"तारीख सही है ना अम्मा?"

"पक्की आहे," मी म्हटलं आणि तारीख सांगितली. तारीख पाठ होती.

सासूबाई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागल्या. "त्या तारखेला?" त्या म्हणाल्या. "त्या तारखेला तू कुठं होतीस गं?"

"घरी. तुम्ही मोदक जाळले नाहीत का."

"काय बोलायलीस! त्या तारखेला तू पुण्याला होतीस. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. धोंड्याचा महिना होता की! जावयाला जेवायला बोलवा, अनारसे द्या म्हणून माझ्या लेकालाही त्यांनी एक दिवस बोलावलं होतं, सुरुवातीला. तेहतीस अनारसे दिले, त्यातले वीस त्यानं गाडीतच खाल्ले आणि इथं येऊन चार दिवस पोट धरून बसला. तू आलीस पुढच्या महिन्यात. मोदक मी त्या महिन्यात केले. अगं, यंदा दोन आषाढ होते!"

कॅलेंडर डोळ्यांसमोर आलं. पुढून पानं उलटत गेल्यावर जो पहिला आषाढ लागला, तोच मी धरला होता. त्याच्या शेजारी बारीक लाल अक्षरांत 'अधिक' छापलेलं होतं. त्याच्या पुढच्या पानावर खरा आषाढ होता, आणि त्याची स्वतःची संकष्टी होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अय्यो! अधिक मासम्!" त्यांच्याकडेही महिने हेच, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही.

सासूबाई मात्र थांबायला तयार नव्हत्या. "तुमच्या त्या तारखेनं धरलं तर ही पुण्याला आणि माझा लेक हैदराबादला. मग हे पोर आलं कुठून, कुरिअरनं?"

हे सगळं त्या दखनीत आणि टिपेच्या आवाजात म्हणाल्या. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं होती. नवरा नंतर सांगायचा, की त्या क्षणी सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई हसत हसतच सांगत होत्या. रक्तातली ती द्रव्यं आठवड्यागणिक बदलतात. मुंबईवाल्यांनी बारा आठवड्यांच्या बाळाचं रक्त सोळा आठवड्यांच्या मापाने तपासलं. पहिलीतल्या पोराला पाचवीचा पेपर दिल्यावर जे होणार ते झालं. "वो रिपोर्ट फेंक देव. बच्चा अपनी उमर में बराबर है."

नवऱ्याला आत बोलावलं. त्याला सासूबाईंनी एका वाक्यात सगळं सांगितलं: "तुझ्या पुण्याच्या हुशार बायकोला आषाढ मोजता येत नाही." तो इतका हसला, की नर्सने त्याला स्टूल दिलं.

मग डॉक्टरीणबाई जरा गंभीर झाल्या. म्हणाल्या, तो आकडा रद्द, पण वय तेच आहे. दोन आठवड्यांनी योग्य वेळ येईल. पुन्हा रक्त पाठवायचं का? आकडा वाईट आला तर पुन्हा सुईचा प्रश्न. मर्जी तुमची. आणि पहिल्यांदाच तिघंही गप्प बसून माझ्याकडे बघायला लागले.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. रिपोर्ट आल्यापासून त्या दिवसापर्यंत मी पोटाला हात लावला नव्हता. आधी दिवसातून वीसदा लावायचे. भाजी चिरताना, रांगेत उभी असताना, झोपताना. आकडा वाचला आणि हात आपोआप निघाला. आंघोळीलासुद्धा वरून नुसतं पाणी ओतून घ्यायचे. काही ठरायच्या आधीच मी त्या बाळाला परकं करून टाकलं होतं, आणि त्याचा गुन्हा एवढाच होता की ते एक महिना उशिरा आलं होतं. तिथे पडल्या पडल्या मला स्वतःची इतकी लाज वाटली, की अजून आठवलं तरी वाटते.

ज्या बायका सुई घेतात त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. कळलेलं पेलायची ताकद असेल त्यांनी जरूर कळून घ्यावं. आकडा कळल्यावर मी काय करते ते मला कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"नको," मी म्हटलं. "रक्त नको आणि सुई नको. काहीही असलं तरी ते माझंच आहे."

नवऱ्याने मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी जेल पुसायला कापूस घेतला. त्यांचा हात यायच्या आधीच मी माझा हात पोटावर ठेवला, त्या थंड चिकट राड्यातच.

"अगं, बरबटशील की," सासूबाई म्हणाल्या.

"बरबटू दे," मी म्हटलं, आणि हात काढला नाही.