धाकू गुरवाची साक्ष

आमच्या गावात भांडण झालं की लोक वकिलाकडे नाही, धाकू गुरवाकडे जात. कौल लावताना तो ग्रामदेवीच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली की एकाचं खरं, डावी पडली की दुसऱ्याचं. रत्नागिरीचं कोर्ट तीन कोसांवर, पण तिथे फक्त पैसेवाल्यांचं ऐकतात अशी सगळ्यांची पक्की समजूत. आत जाऊन बघून आलेला एकही नव्हता, हा भाग वेगळा.

१९३१ साली महिपतने आपल्या हद्दीचा दगडी गडगा शेजारच्या विधवा गंगाच्या आंब्यांत सरकवला. कौल लागला तो महिपतच्या बाजूने. गंगा कौल मानून घरी गेली. धाकूला मात्र चैन पडेना. जुना गडगा कुठे होता ते त्याने जन्मभर पाहिलं होतं.

"कोर्टात जा, गंगे."

"देवीच्या वर? आनि बाईमानसाचं तिथं कोन ऐकतंय, धाकूदादा?"

"आधी बघून तर ये. बसायला कोनाला बंदी नाय."

गंगाला आणि गावातल्या आठ-दहा जणांना घेऊन तो कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसला. एक मासेवाली साक्ष देत होती. समोरचा वकील तिला सारखा तोडत होता. जज्जसाहेबांनी त्यालाच खाली बसवलं. बाहेर आल्यावर गंगा म्हणाली, "तिला पुरतं बोलू दिलान हो!" त्याच महिन्यात तिने दावा लावला.

धाकू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा निम्मं गाव ऐकायला आलेलं. महिपतच्या वकिलाने विचारलं, "कौल तूच लावलास ना? मग खोटं कोण, देवी की तू?"

धाकू म्हणाला, "कौल देवीचा, साहेब. तिला मी काय सांगनार? पन गडगा मी या डोळ्यांनी बघितलाय. तो रातांब्याच्या झाडापलीकडं, महिपतच्या बाजूला होता."

गंगाला जमीन मिळाली. पुढे समन्स आलं की लोक धाकूकडे धावत, आणि तो साक्ष कशी द्यायची ते समजावून सांगे. पण कौलाविरुद्ध बोललेल्या माणसाचा हात देवीला नको, असंही त्याच लोकांनी ठरवलं. पूजा त्याच्या चुलतभावाकडे, भागोजीकडे गेली. मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते.

पाच वर्षांनी महिपतचं भावाशी वाटणीवरून वाजलं. तो सरळ धाकूच्या पडवीत येऊन बसला.

"साक्षीला तूच हवास. तू खोटं बोलनार नायस."

"आनि देवीची पूजा?"

महिपत म्हणाला, "ते गावाला इचारायला लागेल."

तारखेला धाकू निघाला. वाटेत देऊळ लागलं, तिथे त्याने बाहेरूनच हात जोडले आणि साक्षीला गेला.