खानदानी कुत्र्याची तपासणी

माझा मेव्हणा महाळुंग्याचा. जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, भाडं सुरू झालं आणि हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्यानं लॅब्राडॉर पाळला. कुत्र्याच्या वाढदिवसाला गावच्या चौकात फ्लेक्स लागायचा. कुत्र्याच्या डोळ्यांवर गॉगल, खाली शुभेच्छुक म्हणून झाडून सगळे भावी सरपंच.

आमच्याकडे निगडीला त्याच जातीची मादी होती. एका रविवारी मेव्हणा पेढेच घेऊन आला.

"दाजी, घरातल्या घरात सोयरीक करू. पोरगी तुमची, पोरगा आमचा."

मी मेव्हण्याला आणि दोन्ही कुत्र्यांना घेऊन आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अट घातली, आधी दोन्ही कुत्र्यांची जनुकीय तपासणी. गालाच्या आतून काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. या जातीत डोळ्यांचा एक आजार वंशानं येतो, कुत्रं हळूहळू आंधळं होतं.

मेव्हणा भडकला. "आमच्या पोराची टेस्ट? त्याचे आईबाप चॅम्पियन हायेत. सर्टिफिकेट देवघराशेजारी लावलंय."

"सर्टिफिकेटवर वाडवडिलांची नावं असतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्यांचं काही लिहिलेलं नसतं."

याच माणसानं माझ्या लग्नाआधी माझी पत्रिका गावोगावच्या ज्योतिषांना दाखवली होती, माझ्या आजोळी चौकशीला माणसं धाडली होती. रक्त तपासा असं मात्र तेव्हाही कुणाला सुचलं नव्हतं.

आमच्या मादीची तपासणी झाली. ती वाहक निघाली. म्हणजे तिला स्वतःला काही होणार नाही, पण नरही वाहक असला तर काही पिल्लांची दृष्टी जाईल. मी मेव्हण्याला फोन करून सांगितलं.

"मंग खोट तुमच्यातच हाय," तो खुशीत म्हणाला. "आमाला न्हाई जमायचं, दाजी."

सोयरीक मोडली. मादीची आम्ही नसबंदी करून घेतली. मेव्हण्यानं मारुंजीचं एक आयटीवालं जोडपं गाठलं. त्यांच्या मादीचीही तपासणी झालेली नव्हती. पिल्लं झाली, बारसं झालं, पुन्हा फ्लेक्स लागला. एक पिल्लू मेव्हण्यानं ठेवलं, बाकीची पुढाऱ्यांच्या घरी गेली.

तीनेक वर्षांनी ते ठेवलेलं पिल्लू तिन्हीसांजेला दारात पार्क केलेल्या टेम्पोला धडकू लागलं. मेव्हण्यानं त्याची मिरच्या-मिठानं दृष्ट काढली. मग काळा दोरा बांधला. शेवटी मान खाली घालून बाईंकडे आला.

तपासणीत तोच आजार निघाला. "दोष आईकडून आला आणि बापाकडूनही," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडून आल्याशिवाय हे होत नाही."

"बापाकडून कसा येईल?" मेव्हणा म्हणाला. "मारुंजीवाल्यांनी फसवलं आमाला."

बाईंनी पुन्हा समजावलं. तो पुन्हा तेच म्हणाला. पोरीकडच्यांना दोष देण्याची आपल्याकडची रीत कुत्र्यांपर्यंत पोचली होती.

पुढच्या महिन्यात मात्र त्यानं गुपचूप त्या चॅम्पियनच्या पोराची, म्हणजे पिल्लाच्या बापाची, नसबंदी करून घेतली. गावात सांगितलं, "वय झालं, आता त्याला आराम दिलाय." बाकीच्या पिल्लांच्या मालकांना कळवलं का, असं विचारल्यावर म्हणाला, "इलेक्शन जवळ आलंय, दाजी. कशाला?"

ते सगळे फोन शेवटी माझ्या बायकोनं केले.