मामाजींचा रामराम

सकाळी तोंडात घास जायच्या आधी अख्ख्या गल्लीला रामराम घालून यायचं, हे माझ्या सासऱ्यांचं जन्माचं व्यसन. ख्रिस्ती झाले तरी सुटलं नव्हतं. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. स्वस्थ बसणं त्यांना माहीतच नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा. हात धुतला की निघाले! आसेगावच्या बाजूच्या त्या खेड्यात ख्रिस्ती घर आमचं एकच.

मी मिशनच्या शाळेत वाढलेली. लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात उपदेशकांनी माझ्यादेखत त्यांना हटकलं, "रामराम काय म्हणता? आपण ख्रिस्ती, सलाम म्हणा." मामाजी हसले. "मी रामराम म्हणतो तवा समोरच्याची तब्येत इचारून राह्यलो असतो, बापा. देवाले समजते थे." उपदेशकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तर बाई हसू आवरेना.

मग एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. या घरानं देव सोडला म्हणून देवी कोपली, असं कुणीतरी बोललं आणि गावची विहीर आम्हाला बंद झाली. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. पाटील मामाजींचा लहानपणचा सोबती, माणूस वाईट नव्हता. तोच अंगणात येऊन म्हणाला, "भाऊ, जास्त काई नाही. उद्या चावडीवर साऱ्याईसमोर एकडाव रामराम म्हण. इहीर तुहीच हाय."

मामाजींच्या येरझारा थांबल्या. "आजवर फुकट म्हटला, तुले कमी पडला का रे? आता तू त्याच्या बदल्यात पाणी देऊन राह्यला. मंग नाही म्हणत."

झालं! दुसऱ्या दिवसापासून रामराम बंद. गल्लीतून नुसते हात जोडत जायचे आणि लोक तोंड फिरवायचे.

त्या गढूळ पाण्यानं माझ्या तान्ह्या लेकराला हगवण लागली. डोळे खोल गेले, रडायचंही त्राण राहिलं नाही. मी मामाजींवर तुटून पडले. "एका शब्दानं तुमचा येशू मरतो का?"

"थो मेलाच होता, बाई," ते म्हणाले. "माहाही जीव तुटून राह्यला. पण तोंडातून निंघत नाही, काय करू?"

काय करू म्हणे! मी घागर उचलली, तडक चावडीवर गेले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा रामराम घातला. पाटलानं मान खाली घातली. "भर बाई पाणी," एवढंच म्हणाला. माझं लेकरू वाचलं. मला पस्तावा नाही, तेव्हाही नव्हता.

मामाजी मला एक शब्द बोलले नाहीत. विहिरीचं पाणी नातवाला स्वतःच्या हातानं पाजलं आणि स्वतःसाठी तांब्या घेऊन नदीवर गेले. रोज जात राहिले. असा राग यायचा! बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

पुढं दोनेक वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. मला पाणी मागितलं. घरात विहिरीच्या पाण्याचा माठ काठोकाठ भरलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि भर दुपारच्या उन्हात तांब्या घेऊन नदीवर गेले. वाळू उकरताना नखं फुटली. "हट्टी म्हातारा, मेला हट्टी म्हातारा," असं बडबडत, रडत तांब्या भरला.

घरी येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते घोटघोट पाणी प्यायले. कुठलं पाणी, हे त्यांनी विचारावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी विचारलंच नाही.