जांभळ्या धाग्याची बाटली

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याजवळच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. टाक्यांच्या धाग्यांवर माझा भारी जीव. रेशमी, सुती, मेंढीच्या आतड्याचा, सगळे मीच मांडायचे, आणि कुणी वीतभर धागा वाया घालवला की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. त्यामुळे आमच्या सर्जन सरांनी मुंबईहून आणलेली पाच चकचकीत पाकिटं माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी पोरीसारखी हरखले. आत जांभळा धागा होता. कारखान्यात रसायनांची कडी कडीला जोडून केलेला. सर म्हणाले, शरीरातलं पाणीच या कड्या हळूहळू सोडवतं, आणि शेवटी धाग्याचा मागमूस राहत नाही. आतड्याचा धागाही विरघळायचा, पण कधी आठ दिवसांत, कधी महिन्याने. त्याचा काही नेम नसायचा. याचा होता. दिवसभर भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले.

त्याच आठवड्यात पुलगावचा एक गिरणी कामगार आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मूत्राशयात खडा. लघवीला जायचं म्हटलं की पोर आधीच ओठ चावायची. दोन वर्षांपूर्वी एका लहानशा खाजगी दवाखान्यात खडा काढला होता, तो पुन्हा झाला. सर म्हणाले, या वेळी जांभळा धागा वापरू. आत काही उरलं की त्याच्यावर पुन्हा खडा धरतो.

बापाने ते ऐकलं आणि साफ नकार दिला.

"विरघळनारा धागा पोरीच्या पोटात काऊन टाकता, सिस्टर? सांधायच्या मधातच सुटला तं?"

त्याचा सगळा जन्म सूत तुटू नये म्हणून राबण्यात गेलेला. त्याने पिशवीतून सुताची बॉबिन काढून माझ्या टेबलावर ठेवली. "हे घ्या. मागच्या वेळी बी मीच देलतं, डॉक्टरनं उकळून वापरलं. तुटनार नाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच शंका आली, पण खडा बाहेर येण्याआधी ती बोलून दाखवणं बरं नव्हतं.

ऑपरेशनआधी लघवीतलं इन्फेक्शन उतरायला दहा-बारा दिवस लागणारच होते. मी आदल्या ऑपरेशनमधून उरलेला हातभर जांभळा धागा आणला, त्याचे चार तुकडे केले, सलाईनच्या बाटलीत टाकले आणि बाटली लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली, अंगाइतक्या उबेत.

"भाऊ, दहा दिवसांत तुमच्या हातानं तुटला तं तुमचंच सूत वापरू," मी बोलून गेले.

"पेशंटच्या पोटावर पैज लावता, सिस्टर?" सर भडकले. त्यांचं खरं होतं. मला झोंबलं, पण शब्द गेला होता.

पाचव्या दिवशी बापाने एक तुकडा दोन्ही बोटांना गुंडाळला आणि गिरणीत सूत तपासतात तसा हिसका दिला. धागा टिकला. दहाव्या दिवशी दुसरा तुकडा. त्याने एक हिसका दिला, मग दुसरा, जोरात. त्याच्या बोटावर लाल वळ उठला, धागा तसाच.

"एवढ्या दिवसात आतून सांधते?"

"सांधत येते, भाऊ. मंगच हा हळूहळू सोडते."

त्याने कागदावर सही केली.

खडा सुपारीएवढा निघाला. सरांनी ट्रेमध्ये तो चिमट्याने फोडला, आणि मधोमध सुती धाग्याची गाठ, बांधली तेव्हा असेल तशी घट्ट. सर आतला टाका जांभळ्या धाग्याने घालत होते. ते संपल्यावर मी ती गाठ वाटीत घेऊन बाहेर गेले. बापाने ती खिडकीपाशी नेऊन नखाने धाग्याचा पीळ सोडून पाहिला.

"माहंच हाये," म्हणाला, आणि बाकावर बसला.

"तुमी चांगल्यासाठीच देलतं," मी म्हणाले.

तीन महिन्यांनी दोघं दाखवायला आले. एक्स-रे स्वच्छ होता. "आता दुखत नाई," पोरीने आपणहून सांगितलं. मी धावतच बाटली आणली. उरलेले दोन तुकडे इतके दिवस मी हात न लावता ठेवले होते. कशी कळ काढली ते माझं मला माहीत. त्याने एक तुकडा पहिल्यासारखाच जपून बोटांना गुंडाळायला घेतला. गुंडाळतानाच तो सुटत गेला आणि तळहातावर नुसता चुरा उरला. तो खळखळून हसला. पोरीला हाक मारून तो चुरा दाखवला.

निघताना दारातून मागे वळला. "सिस्टर, माही बॉबिन हाये का अजून?"

"आहे."

"मंग त्याच्यानं चादरी शिवजा."

मी शिवल्या. एकही उसवली नाही.